फुटणे आणि सामील न होणे

ज्या गारखेड्यात आपण बसलो आहोत, ते १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद ‘फुटू पाहत होते’ असे आपण सहज म्हणतो. पण जे जोडलेलेच नव्हते, ते फुटणार कसे? जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढले. नोव्हेंबरात भारताशी ‘जैसे थे’ करार केला, विलीनीकरणावर मात्र सही केली नाही. म्हणून अभ्यासकाने आधी विचारावे, हा निर्णय कोणाचा? कामगार संघटनेतही आम्ही हेच पाहतो : करारावर सही करणाऱ्यास सभासदांनी निवडले होते काय? निजामाला प्रजेने निवडले नव्हते. उलट स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक विलीनीकरणासाठी तुरुंगात गेले.

रझाकारांचे अत्याचार आपण सांगतो, ते सांगितलेच पाहिजेत. परंतु सप्टेंबर १९४८ च्या पोलिस अ‍ॅक्शनच्या वेळी व नंतर मुसलमान रयतेवर जे गुदरले, तेही सुंदरलाल समितीने नोंदविले आहे. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजार. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत होरपळले. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात तो छापला गेला. अर्धाच हिशेब वाचणाऱ्या चिटणिसावर सभासद विश्वास ठेवीत नाहीत. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन करताना आपणही पुरा हिशेब वाचावा.