पोराला वैमानिक करायचंय? आधी घाटावरची हवा समजून घ्या

शेतकरी बंधूंनो, भाताची झोडणी झाली की उपणायला उभं राहताना तुम्ही आधी काय बघता? वारा कुठून येतो ते. विमान शिकायला गेलेल्या पोरालाही सुरुवातीला हेच शिकवतात. विमानाला वर उचलते ती पंखांवरून वाहणारी हवा. म्हणून उड्डाण आणि उतरणे ही दोन्ही कामे शक्यतो समोरच्या वाऱ्यात करायची. समोरून ताशी २० किलोमीटर वारा असेल तर विमान जागेवर उभे असतानाच पंखांना तेवढी हवा मिळालेली असते. धाव कमी लागते. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांना ०९ आणि २७ हे आकडे आहेत, म्हणजे होकायंत्राचे ९० आणि २७० अंश, शेवटचे शून्य गाळून. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा विमान २७ धरून पश्चिमेकडे तोंड करून उडणार. यात न समजण्यासारखं काय आहे?

हे सांगायचं कारण असं, की हल्ली खेड्यातली पोरंही वैमानिक व्हायचं म्हणतात. खर्च लाखांत जातो, आणि मग वावर गहाण टाकायची गोष्ट निघते. पैसे भरण्याआधी हा धंदा काय आहे ते घरच्यांना थोडंतरी कळायला हवं.

आपल्या इगतपुरीचंच उदाहरण घ्या. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर. पण मे महिन्यात दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, आणि छोट्या विमानाला वाटते की आपण पाच हजार फुटांवर आहोत. इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांची उचल घटते, चढ सावकाश होतो. धावपट्टी मात्र तेवढीच राहते. म्हणून शिकाऊ वैमानिकाला वजन, तापमान आणि धावेची लांबी यांचा हिशेब उड्डाणाआधी कागदावर मांडावा लागतो. बैलगाडीत चार पोती जास्त टाकली तर फार तर बैल थांबतील. इथे तसं चालत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. विमानातले उंचीमापक यंत्र फूटपट्टी लावत नाही, ते हवेचा दाब मोजते. दाबाच्या एका एककाला, म्हणजे हेक्टोपास्कलला, साधारण ३० फूट. दाब जास्त असलेल्या ठिकाणाहून कमी असलेल्या ठिकाणी गेलात आणि यंत्र नव्याने जुळवून घेतले नाही, तर दहा एककांच्या फरकाला विमान यंत्र दाखवते त्यापेक्षा ३०० फूट खाली असते. सपाट मुलखात हे निभावेल. कळसूबाई ५,४०० फूट उंच आहे, आणि आषाढात ती ढगात असते.

पावसाळी वारा कोकणातून येऊन सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि सगळा पाऊस आपल्याकडे ओततो. पुढे सिन्नर कोरडे राहते. हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण डोंगर ओलांडल्यावर तीच हवा पलीकडे खाली कोसळते. नाशिककडून घाटाकडे येणारे छोटे विमान त्या उतरत्या हवेत सापडले तर इंजिन पूर्ण जोरात असूनही खाली जाऊ शकते. म्हणून धारेपेक्षा बरीच जास्त उंची ठेवायची, आणि धार सरळ न गाठता तिरकी गाठायची. माघारी वळायचं झालं तर वळता आलं पाहिजे.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. ६ जुलै १९६२ च्या मध्यरात्री मुंबईकडे येणारे इटलीच्या अलितालिया कंपनीचे मोठे जेट विमान आपल्या दक्षिणेला, जुन्नर भागातल्या डोंगरावर आदळले. ९४ जण होते, एकही वाचला नाही. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असे समजून विमान लवकर खाली उतरवले गेले होते. मोठ्या विमानातल्या अनुभवी माणसांची ही गत, तर शिकाऊ पोराला ढगाजवळ जाऊ नको म्हणून मास्तर का ओरडतो ते कळेल.

आता परवान्याचं. विद्यार्थी परवाना सोळाव्या वर्षापासून, दहावी पास असल्यास मिळतो. खासगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षापासून. त्याला किमान ४० तासांचे उड्डाण लागते. पण इथेच बरेच जण फसतात, बरं का. खासगी परवान्यावर पगार किंवा भाडे घेऊन विमान चालवता येत नाही. नोकरीसाठी व्यावसायिक परवाना हवा, आणि त्याला किमान २०० तास. चाळिसाचा खर्च ऐकून हिशेब धराल तर पुढच्या दीडशेच्या वर तासांना पैसे कुठून आणणार?

आपल्या राज्यात धुळे, बारामती, गोंदिया इथे प्रशिक्षण चालते. कोणत्याही संस्थेत जाण्याआधी तिला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे का, ते त्यांच्या यादीत पाहा. नुसत्या रंगीत पत्रकावर जाऊ नका. आणि सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी. व्यावसायिक परवान्याला पहिल्या श्रेणीचा दाखला लागतो. रंग ओळखण्यात दोष निघाला तर गाडी तिथेच अडू शकते. ही तपासणी फी भरण्याच्या अगोदर करून घ्या, नंतर नव्हे.