घरगुती चित्रसंग्रह आणि मीडिया सर्व्हर : रचना, कार्य व जतन

घरी बसून चित्रपट पाहण्याच्या साधनांनी गेल्या अर्धशतकात तीन अवस्था ओलांडल्या आहेत. प्रथम चित्रफितीची कॅसेट आली, तिच्यामागून तबकडी आली, आणि आता अनेक घरांत चित्र दूरच्या केंद्रातून इंटरनेटवाटे मागणीनुसार येते. पहिल्या दोन अवस्थांत प्रेक्षकाच्या हाती एक वस्तू होती. तिसऱ्या अवस्थेत त्याच्या हाती केवळ पाहण्याची परवानगी उरली आहे, आणि ती परवानगी दुसऱ्याच दोन पक्षांमधील करारावर अवलंबून असते. याचे एक स्पष्ट उदाहरण २०२२ साली घडले. स्टुडिओकॅनाल या संस्थेचे जे चित्रपट जर्मनी व ऑस्ट्रिया येथील प्लेस्टेशनच्या ग्राहकांनी पूर्वी पैसे देऊन घेतले होते, ते ३१ ऑगस्टपासून त्यांना पाहता येणार नाहीत, असे सोनीने कळविले. कारण परवान्याच्या कराराचे होते. ग्राहकाचा त्यात काही दोष नव्हता. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेल्या कायद्याने तर विक्रेत्यावर असे बंधन घातले की, ग्राहकास मिळते ती केवळ परवानगी आहे, हे स्पष्ट सांगितल्यावाचून अशा व्यवहारास ‘खरेदी’ म्हणू नये.

या पार्श्वभूमीवर घरगुती मीडिया सर्व्हर या साधनाचा विचार करावयास हवा. सामान्यतः त्याचे वर्णन सोयीचे यंत्र असे केले जाते. वस्तुतः ते एक लहानसे ग्रंथालय आहे, आणि ग्रंथालयास लागू पडणारे संग्रह, सूची, देवघेव व जतन हे चारही प्रश्न त्यास लागू पडतात. यंत्राची निवड कशी करावी, हा प्रश्न या चारांच्या उत्तरांतून आपोआप सुटतो. त्याचा क्रम उलटा लावला म्हणजे खर्च वाढतो आणि संग्रह मात्र सुरक्षित राहत नाही.

१. स्वरूप

मीडिया सर्व्हर म्हणजे घरातील एका संगणकावर अखंड चालू राहणारी अशी आज्ञावली, की जी हार्ड डिस्कवरील चित्रपट, मालिका व संगीत यांची सूची तयार करते आणि टीव्ही संच, मोबाईल किंवा दुसरा संगणक यांनी मागणी केली असता ती कृती जाळ्यावाटे त्यांस पुरविते. मागणी करणाऱ्या बाजूस ‘क्लायंट’ म्हणतात. एका फाईलची प्रत प्रत्येक उपकरणावर ठेवावी लागत नाही, आणि एकाच वेळी घरातील दोन व्यक्ती दोन भिन्न कृती पाहू शकतात.

या आज्ञावलींचा इतिहास बोधप्रद आहे. २००३ च्या सुमारास एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी स्वयंसेवकांनी एक्सबीएमसी नावाची आज्ञावली लिहिली. तिलाच २०१४ साली कोडी हे नाव मिळाले. ती मुख्यतः एका उपकरणापुरती चित्रदर्शक होती. तिच्याच मुक्त आज्ञासंहितेतून २००८ साली प्लेक्स निघाली व पुढे सर्व्हर आणि क्लायंट अशी तिची विभागणी झाली. एम्बी ही तशीच दुसरी आज्ञावली. तिच्या चालकांनी आपली संहिता खुली ठेवण्याचे बंद केले, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरमध्ये तिच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीपासून जेलीफिन हा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला. प्लेक्सने २०२५ च्या एप्रिलअखेरीपासून, घराबाहेर राहून स्वतःच्याच संग्रहातील चित्रे पाहण्याची सोय सशुल्क केली. म्हणजे फाईल स्वतःची असली, तरी तिच्याकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या ताब्यात असू शकते. फाईली सर्वमान्य प्रकारात व सुवाच्य नावांनी ठेवलेल्या असतील, तर एक आज्ञावली सोडून दुसरी स्वीकारणे एका दिवसाचे काम ठरते.

२. जागा व वेग यांचे गणित

चित्रफाईलचे आकारमान तिच्या प्रतिसेकंद माहितीच्या प्रमाणावरून काढता येते. सेकंदास २० मेगाबिट या दराचा अडीच तासांचा चित्रपट घेतला, तर ९,००० सेकंदांत १,८०,००० मेगाबिट, म्हणजे सुमारे साडेबावीस गिगाबाइट जागा लागते. चार टेराबाइटच्या डिस्कवर असे सुमारे पावणेदोनशे चित्रपट मावतात. तुलनेसाठी, डीव्हीडीच्या दोन थरांची धारणाशक्ती साडेआठ गिगाबाइट, तर ब्लू-रेच्या दोन थरांची ५० गिगाबाइट आहे.

हाच दर जाळ्याचीही कसोटी घेतो. सेकंदास २० मेगाबिटांचा प्रवाह सामान्य तारेवरून सहज वाहतो. परंतु अनेक टीव्ही संचांना असलेली तारेची जोडणी १०० मेगाबिटांपुरतीच असते, आणि ४के श्रेणीतील तबकडीवरून घेतलेल्या चित्राचा प्रवाह काही क्षणी त्या मर्यादेपलीकडे जातो. अशा वेळी चित्र थांबत थांबत चालू लागते व दोष सर्व्हरवर येतो. प्रत्यक्षात अडचण संचाच्या जोडणीत असते.

विजेचा हिशेबही येथेच करावा. रात्रंदिवस चालणारा १० वॅटचा संगणक वर्षाकाठी सुमारे ८८ युनिट वीज घेतो. ६० वॅटचा जुना संगणक त्याच काळात सुमारे ५२६ युनिट घेतो. अडगळीतला संगणक फुकट मिळाला, म्हणून तो स्वस्त ठरतोच असे नाही.

३. रूपांतराचा प्रश्न

मीडिया सर्व्हरच्या कार्यातील सर्वांत गैरसमजाचा भाग म्हणजे रूपांतर. चित्रफाईल ही एक पेटी असते. तिच्यात चित्राचा प्रवाह, ध्वनीचा प्रवाह व उपशीर्षके वेगवेगळी ठेवलेली असतात. एमपी४ व मात्रोस्का ही पेटीची नावे होत, एच.२६४ (२००३), एच.२६५ (२०१३) व एव्ही१ (२०१८) ही चित्र संकोचित करण्याच्या पद्धतींची नावे होत. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की पुढील सर्व विवेचन दुर्बोध होते.

मागणी आल्यावर सर्व्हर तीनपैकी एक मार्ग घेतो. क्लायंटला पेटी, चित्र व ध्वनी हे तिन्ही उमजत असतील, तर फाईल जशीच्या तशी पाठविली जाते. यात सर्व्हरला जवळजवळ काहीच श्रम पडत नाहीत. पेटी तेवढी अपरिचित असेल, तर प्रवाहांना हात न लावता पेटी बदलली जाते. हेही काम हलके असते. चित्राची पद्धतच क्लायंटला अपरिचित असेल, किंवा वाटेतील वेग अपुरा असेल, तर प्रत्येक चौकट उलगडून ती नव्याने संकोचित करावी लागते. हे खरे रूपांतर होय. त्यात संगणकाची शक्ती खर्च होते, आणि चित्राची गुणवत्ताही थोडी उतरते, कारण एकदा टाकून दिलेली माहिती दुसऱ्या संकोचात परत मिळत नाही. बहुतेक मीडिया सर्व्हर हे काम एफएफएमपेग या २००० साली सुरू झालेल्या मुक्त आज्ञावलीकडे सोपवितात.

या श्रमाची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर विशेष मंडलाचे. इंटेलच्या २०११ नंतरच्या अनेक प्रक्रियकांत चित्रसंकोचासाठी स्वतंत्र भाग असतो, आणि त्यामुळे एखादा लहान, कमी विजेचा संगणकही दोनतीन प्रवाहांचे रूपांतर करू शकतो. याउलट २०२३ साली आलेल्या रास्पबेरी पाय ५ या लोकप्रिय फलकात असे संकोचन-मंडल नाही. फाईली जशाच्या तशा पाठविण्यास तो पुरेसा आहे, रूपांतरास नाही. दुसरे व अधिक मूलगामी उत्तर असे की, घरातील उपकरणे कोणत्या पद्धती जाणतात हे आधी पाहावे आणि संग्रहातील प्रती त्यांस अनुरूप ठेवाव्यात. ज्या घरात रूपांतराची वेळ क्वचित येते, तेथे सामान्य यंत्रही भागते.

उपशीर्षकांचा मुद्दा येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. मजकुराच्या स्वरूपातील उपशीर्षके क्लायंट स्वतः दाखवू शकतो. तबकडीवरून घेतलेली उपशीर्षके मात्र बहुधा चित्ररूप असतात. क्लायंटला ती दाखविता आली नाहीत, तर सर्व्हरला ती चित्रातच उमटवावी लागतात आणि त्यापायी संपूर्ण रूपांतर करावे लागते. उपशीर्षके बंद करताच अडखळणारा चित्रपट सुरळीत चालू लागतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

४. सूची

ग्रंथालयात जे स्थान तालिकेला, तेच येथे नावांच्या शिस्तीला आहे. प्रचलित आज्ञावली फाईलच्या नावावरून कृती ओळखतात व तिची माहिती टीएमडीबीसारख्या सार्वजनिक कोशातून आणतात. म्हणून प्रत्येक चित्रपटास स्वतंत्र कप्पा, आणि त्याच्या नावात शीर्षक व कंसात वर्ष, अशी पद्धत रूढ झाली आहे. वर्षाचे महत्त्व ‘श्यामची आई’च्या उदाहरणावरून पटेल : आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ चा, तर त्याच नावाचा दुसरा चित्रपट २०२३ चा. वर्ष न लिहिल्यास एकाच्या भित्तिपत्रकाखाली दुसराच चित्रपट उघडतो. मालिकांच्या बाबतीत पर्व व भाग यांचे क्रमांक हेच काम करतात.

मराठी कृतींच्या सूचीत आणखी दोन अडचणी संभवतात. रोमन लिपीत एकाच शीर्षकाची अनेक लेखने प्रचलित असल्याने कोशातील लेखनाशी ती जुळतातच असे नाही. देवनागरीत नाव लिहिले, तर युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर दोन परींनी साठविता येते : एकसंध चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ व खालील टिंब यांच्या जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. साध्या शोधात मात्र ती भिन्न ठरू शकतात. संग्रह वाढण्यापूर्वीच एक लेखनपद्धती ठरवून ती पाळणे हा यावरील उपाय होय.

५. घराबाहेरील वाट

घरापुरता चालणारा सर्व्हर बाहेरून उपलब्ध करून द्यावयाचा म्हटला, की दोन नवे प्रश्न उद्भवतात. पहिला प्रश्न पत्त्याचा. अनेक इंटरनेट-पुरवठादार पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यामुळे बाहेरून येणारी मागणी नेमक्या घरापर्यंत पोहोचत नाही. दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. २०२२ साली लास्टपास या संकेतशब्द सांभाळणाऱ्या कंपनीवर जो हल्ला झाला, त्यात तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरील, वेळीच अद्ययावत न केलेली मीडिया-आज्ञावली हे हल्लेखोरांचे प्रवेशद्वार ठरले. करमणुकीचे यंत्रही घरातील इतर यंत्रांच्या शेजारीच असते, हे यावरून दिसून येते. सर्व्हर सरळ इंटरनेटवर उघडा ठेवण्यापेक्षा वायरगार्डसारख्या कूटबद्ध खासगी वाटेने त्याच्याशी जोडणी करणे श्रेयस्कर. ही आज्ञावली २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. मात्र पहिला प्रश्न तिनेही आपोआप सुटत नाही. त्यासाठी पुरवठादाराकडून स्वतंत्र पत्ता घ्यावा लागतो किंवा मध्यस्थ संगणकाची योजना करावी लागते.

६. हक्क

संग्रह कोणत्या कृतींचा असावा, हा प्रश्न तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ वे कलम खासगी उपयोगासाठी केलेल्या रास्त व्यवहारास संरक्षण देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ हे कलम, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडण्यास दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा ठरविते. चित्रपटावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यानुसार १९५३ च्या ‘श्यामची आई’वरील चित्रपट म्हणून असलेला हक्क २०१३ च्या अखेरीस संपला. त्यातील संहिता, गीते व संगीत यांचे हक्क मात्र त्या त्या कर्त्याच्या मृत्यूपासून निराळे मोजावे लागतात. घरच्या समारंभांची चित्रणे, स्वतः केलेली ध्वनिमुद्रणे व क्षेत्रीय संशोधनातील मुलाखती यांबाबत हा प्रश्न बहुधा सोपा असतो. आणि ज्यांची प्रत जगात अन्यत्र कोठेही नाही, असे साहित्यही हेच होय.

७. जतन

हार्ड डिस्क निकामी होणे हा अपघात नसून तिचा ठरलेला शेवट आहे. अनिश्चित असते ती केवळ वेळ. अनेक डिस्क एकत्र जोडून एक निकामी झाली तरी काम चालू ठेवणाऱ्या पद्धतीस रेड म्हणतात. बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी ती १९८८ साली मांडली. तिच्यामुळे सेवा खंडित होत नाही, परंतु चुकून पुसलेली फाईल सर्व डिस्कवरून एकदमच पुसली जाते. म्हणून रेड ही राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. अनुभवाने सिद्ध झालेला नियम असा : प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. त्याखेरीज प्रत्येक फाईलचा पडताळा-अंक काढून ठेवावा व वर्षातून एकदा तो तपासावा. अन्यथा बिघडलेल्या मूळ फाईलचीच प्रत निष्ठेने जपली जाते.

एकाच ठिकाणी असलेल्या एकाच प्रतीचे काय होते, हे महाराष्ट्राच्या चित्रपटेतिहासाने पुरेपूर अनुभवले आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा केवळ काही भाग आज उपलब्ध आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले. तोवर मूकपटांच्या काळातील बहुतांश कृती नाहीशा झाल्या होत्या. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच फिल्म संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० ते ७० च्या दशकांत ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग पुसून टाकले. त्यांपैकी काही पुढे परदेशी केंद्रांकडून व खासगी संग्राहकांकडून परत मिळाले. संस्थेने गमावलेली वस्तू अशा रीतीने काही वेळा व्यक्तीने राखली.

घरगुती सर्व्हर सार्वजनिक संग्रहालयाची जागा घेऊ शकणार नाही. तसा त्याचा दावाही नसावा. परंतु विद्यापीठीय विभागांत व अभ्यासकांच्या घरी मुलाखती, लोककलांची चित्रणे आणि जुन्या प्रयोगांच्या फिती आज एकेकट्या डिस्कवर पडून आहेत, आणि त्यांना नाव, सूची व दुसरी प्रत देण्याचे काम याच साधनाने होण्यासारखे आहे. त्याचा प्रारंभ यंत्राच्या खरेदीने करावयाचा नसून, जवळ काय आहे आणि त्यातील कशाची प्रत अन्यत्र नाही, याची यादी करण्याने करावयाचा आहे.