फ्रीजसाठी नागपूर गाठावं का?

फ्रीज घ्यायचा म्हटलं, की भंडाऱ्याच्या गृहिणीला नागपूरचं मोठं दुकान आठवतं. साठेक किलोमीटरचा तर रस्ता! तिथं दहा कंपन्यांचे फ्रीज ओळीनं मांडलेले, दारं उघडून बघता येतात. बघायला जरूर जा. पण पैसे मोजण्याआधी जरा थांबा, भगिनींनो.

घरपोच आणायचं भाडं किती? बिघडला तर मेकॅनिक भंडाऱ्याला येईल का, किती दिवसांत? हे लिहून घ्या. ‘बिनव्याजी हप्त्या’नं हुरळू नका. असलं व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या नावानं वसूल होतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच दाखवून दिलं.

मग तेच मॉडेल गावातल्या दुकानात विचारा. हजार-पाचशेचाच फरक असेल, तर गावातच घ्या. ऐन मे महिन्यात दूध नासायला लागलं, की हाकेच्या अंतरावर तोच दुकानदार असतो.

आणि बिल जपून ठेवा! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, खरेदी नागपुरात केली तरी तक्रार भंडाऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याची फीही लागत नाही.