चौसष्ट मिलिसेकंदांची मुदत

संगणकाची आणि मोबाइलची चालती मेमरी, म्हणजे डीरॅम, जात्याच विसराळू असते. तिच्या एका सेलमध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटर भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली ही रचना सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. ती इतकी आटोपशीर आहे, की आज ८ गिगाबिटच्या एका चिपवर साडेआठशे कोटींहून अधिक सेल मावतात. मात्र कपॅसिटरमधला विद्युतभार सतत झिरपतो. शिवपिंडीवरची गळंती कोरडी पडण्याआधी तीत तांब्या ओतावा लागतो, तसेच इथेही: सेलची प्रत्येक ओळ वाचायची आणि तोच मजकूर तिथेच पुन्हा भरायचा. यालाच रिफ्रेश म्हणतात.

डीडीआर-४ मेमरीत सगळ्या ओळी ६४ मिलिसेकंदांत एकदा भरून व्हाव्या लागतात. त्यासाठी ८,१९२ आज्ञा, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. ८ गिगाबिटच्या चिपमध्ये एका आज्ञेला ३५० नॅनोसेकंद लागतात. साडेचार टक्के वेळ यातच जातो, आणि तेवढा वेळ दुसरे काम थांबते.

गळती तापमानाबरोबर वाढते. चिप ८५ अंशांपलीकडे तापली, की मुदत निम्मी, ३२ मिलिसेकंदांवर येते आणि रिफ्रेशचा खर्च दुप्पट होतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. मोर्णा नदीच्या पश्चिम काठी, असदगड किल्ल्याच्या आसपासच्या जुन्या शहरात, पंख्यावर भागवणाऱ्या दुकानातला संगणक वातानुकूलित खोलीतल्या संगणकापेक्षा वीसेक अंश आधीच तापलेला असतो. ८५ ची मर्यादा त्याला तितकीच जवळ. निजलेल्या मोबाइलमध्ये चिप स्वतःच्याच घड्याळावर रिफ्रेश करते आणि तापमान पाहून वेग कमीजास्त करते. थंडीत बॅटरी वाचते. वऱ्हाडी उन्हाळ्यात ही सवलत फारशी मिळत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. बहुतेक सेल ६४ मिलिसेकंदांच्या कितीतरी पट काळ भार धरून ठेवतात. मुदत ठरते ती मूठभर दुबळ्या सेलमुळे. २०१२ साली कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी सुचवले, की दुबळ्या ओळी हेरून त्यांनाच वारंवार भरावे, बाकीच्यांना सावकाश. त्यांच्या हिशेबाने सुमारे तीन-चतुर्थांश रिफ्रेश वाचत होते. कल्पना देखणी आहे, पण ती दुबळ्यांची यादी कायम राहील या भरवशावर उभी आहे, आणि यादी कायम राहत नाही. काही सेल आज सेकंदभर टिकतात आणि उद्या अचानक लवकर रिकामे होतात. शेजारच्या सेलमध्ये काय लिहिले आहे, यावरही टिकाव बदलतो. कारखान्यातली एकदाची चाचणी म्हणूनच पुरत नाही.

त्यात २०१४ साली ‘रोहॅमर’ उघड झाला: एकच ओळ झपाट्याने पुन्हापुन्हा उघडली, तर शेजारच्या ओळीतले बिट पालटतात. त्यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे अधिक रिफ्रेश, अर्थात पुन्हा अधिक वीज. डीडीआर-५ ने चिपच्या पोटातच चूकदुरुस्ती बसवली, एका बँकेचे, म्हणजे ओळींच्या एका गटाचे, रिफ्रेश चालू असताना इतर बँकांना मोकळे सोडण्याची सोय केली. नेहमीची मुदत मात्र ३२ मिलिसेकंदांवर आणली आणि ८५ अंशांपलीकडे १६ वर.