सूज उतरविणारीं औषधें : उपकार आणि अपाय



नरसोबाच्या वाडीस पौर्णिमेला किंवा दत्तजयंतीला जी गर्दी लोटते, तींत गुडघे धरून घाटाच्या पायऱ्या उतरणारे वृद्ध स्त्रीपुरुष पुष्कळ असतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान करावें, प्रदक्षिणा घालाव्या आणि दिवसभर उपवास करावा, असा कित्येकांचा नेम असतो. नेम तर मोडावयाचा नाहीं आणि गुडघे तर चालूं देत नाहींत. मग पिशवींतून एक गोळी निघते आणि उपाशीपोटीं घोटभर पाण्याबरोबर पोटांत जाते. थोड्या वेळानें दुखणें थांबतें. गोळीनें आपलें काम केलें, यांत संशय नाहीं. परंतु त्याच वेळीं तिनें शरीरांत आणखी काय केलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. कोणी कोणतें औषध घ्यावें हें सांगणें डॉक्टरांचें काम होय. त्या औषधाची कार्यपद्धति तेवढी मी समजावून देणार आहें.

शरीरास इजा झाली किंवा सांध्यांत दाह उत्पन्न झाला, कीं तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार करतात. त्यांच्यामुळें त्या जागीं रक्ताचा ओघ वाढतो, सूज येते, वेदना तीव्र होतात आणि तापहि चढतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड हीं सारीं औषधें या द्रव्यांच्या निर्मितीसच अडथळा करतात. जर्मनीच्या बायर कंपनींत फेलिक्स हॉफमन यानें १८९७ सालीं शुद्ध ॲस्पिरिन तयार केलें. पण तें कसें काम करतें, याचा उलगडा इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं केला आणि १९८२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. म्हणजे सुमारें पाऊणशें वर्षें जग हें औषध कारण न कळतांच घेत होतें!

आतां खरी मेख येथें आहे. प्रोस्टाग्लँडिन हीं केवळ दुखणें आणणारीं द्रव्यें नव्हेत. जठराच्या अस्तराचें आम्लापासून रक्षण करणें आणि मूत्रपिंडांना रक्त पुरेसें पोंचविणें हींहि त्यांचीच कामें. शिरोळ तालुक्यांतील ऊंस पिकविणाऱ्यास हें चटकन् समजेल. एका सरींत पाणी नको म्हणून पाटाच्या तोंडाशींच बांध घातला, तर बाकीच्या सऱ्याहि कोरड्या पडतात. गोळी गुडघ्यासाठीं घेतली, तरी बांध साऱ्या शरीराच्या पाटावर पडतो.

पहिला अपाय जठराचा. अस्तर दुबळें झालें, कीं व्रण होतो आणि क्वचित् एकाएकीं रक्तस्राव होतो. आधीं पोट दुखेलच, असा नेम नाहीं. जेवणानंतर गोळी घेतल्यानें जळजळ कमी होते हें खरें. पण औषध रक्तामार्गें पुन्हां अस्तरापर्यंत पोंचतेंच, म्हणून जेवणानें धोका सर्वस्वीं टळत नाहीं. साठीपुढील माणसें, पूर्वीं व्रण झालेले रोगी, आणि रक्त पातळ करणारें औषध किंवा स्टेरॉइड घेणारे यांस हें भय अधिक.

दुसरा अपाय मूत्रपिंडांचा. उपवास, ऊन, जुलाब किंवा ओकारी यांनीं शरीरांतील पाणी घटलें, म्हणजे मूत्रपिंडें प्रोस्टाग्लँडिनच्याच आधारावर तग धरतात. तो आधार गोळीनें काढला, तर तीं एकाएकीं निकामी होऊं शकतात. रक्तदाबावरील कांहीं गोळ्या आणि लघवी वाढविणारीं औषधें चालू असतां ही भीति दुणावते. पशुपक्ष्यांत याचा भयंकर पुरावा सांपडला आहे. भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९० नंतर शेंकडा ९९ हून अधिक नाहींशीं झालीं. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचें मांस खाऊन त्यांचीं मूत्रपिंडें बंद पडत, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालें आणि २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं तें औषध बंद केलें. माणूस गिधाडाइतका नाजूक नाहीं, हें खरें. पण जपावयाचा अवयव तोच आहे.

तिसरा अपाय हृदयाचा. रोफेकॉक्सिब हें पोटास सौम्य म्हणून गाजलेलें औषध हृदयविकाराचा धोका वाढवितें असें दिसल्यावरून २००४ सालीं जगभर मागें घेण्यांत आलें. निमेसुलाइड यकृतास अपाय करूं शकतें. बारा वर्षांखालील मुलांस तें देण्यास आपल्या देशांत २०११ पासून मनाई आहे.

पावसाळ्यांतील तापासंबंधीं एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर वाडीनें पाहिले आहेत, आणि पावसाळ्यांत तापाची धास्ती असतेच. डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊं नये, कारण त्या आजारांत रक्तस्रावाचा धोका आधींच असतो. तापास पॅरासिटामॉल घ्यावें, पण तेंहि मापानें. अधिक झाल्यास यकृत बिघडतें. मुलांस तापांत ॲस्पिरिन देऊं नये, आणि गर्भवतीनें वीस आठवड्यांनंतर या वर्गाचीं औषधें डॉक्टरांच्या सांगण्यावांचून घेऊं नयेत.

मग काय करावें? अत्यंत कमी मात्रा, अत्यंत थोडे दिवस, हा पहिला नियम. दोन निराळ्या नांवांच्या गोळ्यांत एकच औषध असतें, म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षरांतील नांव वाचावें आणि या वर्गांतील दोन औषधें एकत्र घेऊं नयेत. गुडघ्यापुरतें दुखणें असेल, तर वरून लावावयाचें मलम बरें. त्यांतील औषध रक्तांत फारच थोडें उतरतें. सांधेदुखीवर तत्काळ गुण देणाऱ्या बेनामी पुड्यांपासून सावध असावें, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचें आढळलेलें आहे. मात्र हृदयविकारासाठीं डॉक्टरांनीं दिलेलें अल्प मात्रेचें ॲस्पिरिन, हें भाषण ऐकून आपल्या मनानें बंद करूं नये. तेंहि तितकेंच घातक ठरेल.

काळा, डांबरासारखा शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची ओकारी, लघवी एकदम कमी होणें, पायांवर सूज, धाप, अंगावर पुरळ किंवा डोळे पिवळे होणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास गोळी थांबवून विनाविलंब रुग्णालय गांठावें. औषधापासून अपाय झाल्यास रोग्यास स्वतःलाहि १८००-१८०-३०२४ या विनामूल्य दूरध्वनीवर भारत सरकारच्या यंत्रणेस तो कळवितां येतो. अशा कळविण्यांतूनच औषधांचे दोष उघडकीस येतात आणि पुढील रोगी वांचतात. घरांतील वडील माणसें कोणकोणत्या गोळ्या घेतात, याची एक यादी आजच करून ठेवावी आणि पुढच्या वेळीं ती डॉक्टरांपुढें ठेवावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.