न घातलेली अंगठी

मैत्रिणींनो, तुमच्याही बैठकीच्या खोलीत गेलेल्या माणसांचे फोटो असतीलच. हार बदलताना नव्हे, खरंच पाहायचं म्हणून कधी जवळ जाऊन पाहिलेत का?

मला ही खोड लागली ती एका चित्रामुळे. आमच्या अमेरिकेतल्या वन्संनी तिकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून ते माझ्यासाठी आणलं. मी शाळेत दुपारी इंग्रजी शिकवते ना, म्हणून! इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेन खुर्चीत बसली आहे, डोक्याला झालरीची टोपी, चेहरा कसा गोड. चित्र छापलंय १८७३ साली, न्यूयॉर्कला. आणि बाईंच्या बोटात चक्क लग्नाची अंगठी!

आता ही बाई १८१७ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी गेली ती अविवाहित. लग्न जमत नव्हतं असंही नाही. १८०२च्या डिसेंबरात एका जमीनदाराच्या मुलाने मागणी घातली. हिने संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी उठून मोडला. हुंडा नाही, स्वतःचं घर नाही आणि वय सत्तावीस होत आलेलं. तुम्हीच सांगा, केवढी छाती लागली असेल! तिच्या सहाही कादंबऱ्या त्यानंतर छापून आल्या. तिच्या हयातीत एकावरही नाव नव्हतं. पहिलीवर, १८११ साली, 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढंच.

मग अंगठी आली कुठून?

तिचा चेहरा दिसेल असं खात्रीचं चित्र एकच, तेही जेमतेम तळहाताएवढं. १८१०च्या सुमारास सख्ख्या बहिणीने, कॅसँड्राने, पेन्सिलीने आणि जलरंगाने काढलेलं. आज ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात हाताची घडी, ओठ घट्ट मिटलेले, नजर भलतीकडेच. तव्यावर पोळी असताना कुणी फोटोला उभं केलं, तर आपण दिसू तशी!

पुढे १८६९ साली भाच्याला आत्याचं चरित्र काढायचं होतं. हा चेहरा कसा चालणार? त्याने एका चित्रकाराकडून नवं चित्र करून घेतलं. डोळे मोठे झाले, ओठ सैल झाले. त्यावरून पोलादी पत्र्यावर चित्र कोरलं गेलं. त्या काळी पुस्तकात फोटो छापणं सोपं नव्हतं. पत्र्यावर बारीक रेघा आणि ठिपके कोरायचे, त्यांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद दाबायचा. कोरणाऱ्याने माणूस पाहिलेला नसे, पुढ्यातलं चित्र हाच त्याचा आधार. अमेरिकेतल्या कारागिराने त्या चित्रावरून आणखी एक केलं, आणि त्यात ही अंगठी आली.

भाच्याचा अगदीच दोष नाही हं. एका भाचीला कॅसँड्राचं चित्र मुळीच आत्यासारखं वाटत नव्हतं. दुसरीने नवं पाहून कळवलं की साम्य फारसं नाही, पण चेहरा प्रसन्न आहे, तेवढं खरं. २०१७ साली इंग्लंडने दहा पौंडाच्या नोटेवर तिला छापलं, तेही गोड रूपातच.

हे सगळं वाचलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. माझी आत्या मुलींच्या शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं. ती गेल्यावर तिचा छोटा फोटो मोठा करायला दिला, तर फोटोवाल्याने आपल्या मनानेच गळ्यात मंगळसूत्र काढून दिलं. तेराव्याची घाई होती. 'राहू दे, छान दिसतंय,' असं कुणीतरी म्हणालं. ते म्हणणारी मीच होते.

मूळ फोटो परवा ट्रंकेत सापडला. गळा मोकळा, कपाळाला आठी, हातात खडू. फ्रेमवाल्याकडे दिलाय. बुधवारी मिळेल.