चाळिशी ओलांडलेल्या भगिनींची नोंदवही



खांडबारा परिसरातल्या कुठल्याही सभासदाला विचारा, लागणीची तारीख कोणती, उसाची जात कोणती, खताचा दुसरा हप्ता कधी दिला? बोटांवर मोजून सांगेल. माती परीक्षणाचा कागदही पत्र्याच्या पेटीत सापडतो. मात्र त्याच घरातल्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाईचा रक्तदाब किती, रक्त किती, पाळी कधी गेली असे विचारले, की नवरा मुलाकडे बघतो आणि मुलगा आईकडे. आई म्हणते, "मला काय धाड भरलीय?" अन् विषय तिथेच मिटतो.

ऊस विकास खात्याने बायकांच्या दुखण्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. बेण्याच्या टिपऱ्या मांडणे, खुरपणी, खत टाकणे ही कामे कोणाच्या हातून होतात, ते आम्ही रोज बांधावरून पाहतो. तेव्हा हा विषय आमच्या खात्याबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

बाळंतपणाच्या वयात बाईची नोंद होते. नर्सबाई घरी येते, कार्ड भरते, वजन घेते. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली की ते कार्ड बंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या शंभरांपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण त्या तपासणीत १५ ते ४९ वयाच्याच स्त्रिया होत्या. पन्नाशीच्या बाईचे रक्त त्यात मोजलेच गेले नाही. आणि नेमका याच वयात शरीराचा हिशेब बदलतो. आपल्याकडे साधारण ४५ ते ५० च्या दरम्यान पाळी जाते. त्यानंतर अंडाशयातले संप्रेरक आटते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयाला मिळणारे संरक्षण कमी होते. रक्तदाब आणि साखर गाजावाजा न करता चढतात.

काही बायकांच्या बाबतीत हे फार लवकर होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१९ साली झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेला आकडा असा : ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. म्हणजे दर सहा जणींमागे एक! त्यांत ऐन तिशीतल्याही होत्या. अंगावरून पांढरे जाते, पाळीत काम बुडते, खाडा पडला की पैसे कापले जातात. मग 'पिशवीच काढून टाका' हा सल्ला सोपा वाटतो. आपल्या जिल्ह्यातूनही दरवर्षी कोयते सुरत-बारडोलीकडे तोडीला जातात, म्हणून हा आकडा फक्त बीडचा समजून सोडून देऊ नये. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा औषधाने बरे होणारे दुखणे आहे. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, त्यांनी निदान तिचा कागद जपावा. नुसती पिशवी काढली की अंडाशयही काढले, हे त्यावरूनच कळते. अंडाशय काढले असेल तर पाळी गेल्यानंतरचे सगळे बदल त्या दिवसापासूनच सुरू होतात, मग वय पस्तीस का असेना.

तर वही करावी. दोनशे पानी नको, पोराची शाळेतली उरलेली चालेल. पहिल्या पानावर पाळी गेल्याचे वर्ष, झालेल्या शस्त्रक्रिया आणि आईवडिलांना रक्तदाब, साखर किंवा कर्करोग होता का, एवढे लिहावे.

पुढे रक्तदाब. ऊस पक्व झाला की नाही हे आपण एका उसाच्या ब्रिक्सवरून ठरवत नाही, फडात चार ठिकाणी रिडिंग घेतो. रक्तदाबाचेही तसेच. बाई डोक्यावर भारा घेऊन आली आणि लगेच पट्टा बांधला तर आकडा चढलेलाच दिसणार. पाच मिनिटे टेकून बसू द्यावे. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० पुन्हा पुन्हा भरला, तर डॉक्टरांकडे जावे. गोळी चालू झाली की 'आता बरं वाटतंय' म्हणून ती सोडू नये. गोळी चालू आहे म्हणूनच बरे वाटते आहे.

कमरेचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरपर्यंत ठीक, ९० च्या वर गेला तर धोका जास्त. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरून घेते. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, कष्ट आणि घरातला आजार यांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली तर तपासणी आधी करायची. आशाताई दारात आली की काही घरांतून "नंतर ये" ऐकू येते. ते बंद व्हावे.

साखर उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आली, तर पुन्हा तपासून खात्री करून घ्यावी. रक्त १२ ग्रॅमच्या खाली असेल तर कमी, आठच्या खाली असेल तर गंभीर.

इथे आपल्या नंदुरबार जिल्ह्याची एक खास गोष्ट आहे, आणि बाहेरच्या माहितीपत्रकांत ती बहुधा नसते. आपल्या आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, पण तिचे तपासणीचे वय चाळिशीपर्यंतचे धरलेले. म्हणजे इथेही आई गणतीबाहेर! तिने आपण होऊन तपासणी मागावी. सिकलसेलचा आजार असेल तर तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी चाचणी करतात, तिचा आकडा खरा येत नाही, बऱ्याचदा कमी दिसतो. साखर तपासायला गेल्यावर सिकलसेलचे कार्ड आधी पुढे करावे. रक्त कमी आहे म्हणून अशा रुग्णाने आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या चालू ठेवू नयेत, हेही डॉक्टरांना विचारूनच.

आता जिथे बोलायला लाज वाटते त्या तपासणीकडे वळू. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागातून मोठे काम सुरू झाले. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक खेडवळ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी ज्यांची एकदाच झाली, त्या गटात आठ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. या बायका आपल्याच घरच्यांसारख्या रानात राबणाऱ्या होत्या. सरकारी दवाखान्यात साधारणपणे व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी करतात. तिला काही मिनिटे लागतात; तीस वर्षांपुढे दर पाच वर्षांनी ती करावी. तिची तारीख वहीत हवीच. स्तनात गाठ हाताला लागली तर ती दुखत नाही म्हणून थांबू नये. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेले, एक डाग का होईना, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. 'गरमी झाली' म्हणून थांबू नये.

उंचीही वर्षातून एकदा भिंतीला खूण करून मोजावी. आधीपेक्षा चार सेंटीमीटर उतरली असेल तर मणक्याचे हाड खचले असण्याचा संभव आहे. आपल्याकडची नागली या बाबतीत विकतच्या बिस्किटापेक्षा कितीतरी सरस. नागलीची भाकर आता पाहुण्यांपुढे ठेवायला लोक लाजतात, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

वजन आणि रक्तदाब जवळच्या उपकेंद्रात, म्हणजे हल्लीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोजून मिळतो. पुढच्या तपासणीला खांडबाऱ्याचे ग्रामीण रुग्णालय आहे, त्यापुढे नवापूर आणि नंदुरबार. बाजाराला आलात की बाईला तेवढा अर्धा तास मोकळा द्या. पिशव्या सभासदाने धराव्यात.

जी कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातकडे तोडीला निघतात, त्यांनी वही घरी ठेवू नये. औषधे किमान महिनाभराची बरोबर घ्यावीत. तिकडच्या डॉक्टरला मराठी वाचता आले नाही तरी आकडे आणि गोळ्यांची नावे कळतात. म्हणून रिकामे झालेले गोळ्यांचे पाकीट वहीतच डकवावे.